वरच्या खोलीचा सौदा

नत्थुजींनी घर विकायला काढलं असं कळलं, तेव्हा भगवंतरावांनी पुढचं वाक्य ऐकूनच घेतलं नाही. "मी घेतो," म्हणाले. नत्थुजींचा चहाचा कप हातात तसाच राहिला.

"भाऊ, किंमत तं इचारा," नत्थुजी म्हणाले.

"सांगा. पण दुसऱ्याले देऊ नका."

घर अमरावतीत, साईनगरच्या बाजूला. खाली नत्थुजी राहायचे, मागच्या खोलीत त्यांची विधवा बहीण गोदाबाई, आणि वर एक खोली भाड्याने. ती वरची खोली भगवंतरावांकडे होती. ते मूळचे वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटचे. तिथे त्यांचा संत्र्याचा बगीचा, शेत, मोठं घर, मुलगा कुलदीप, सून, सगळं होतं. पण गेल्या वर्षी बायकोला, कौशल्याबाईंना, उपचारासाठी सारखं अमरावतीला आणावं लागायचं. तेवढा प्रवास त्यांना सोसेना, म्हणून दवाखान्याजवळ ही खोली घेतली. फाल्गुनात कौशल्याबाई याच खोलीत गेल्या.

तेरवी झाली, माणसं पांगली, पण भगवंतरावांनी खोली काही सोडली नाही. आठ-पंधरा दिवसांनी एसटीने यायचे, कुलूप उघडायचे, पंखा लावायचे आणि बसायचे. संध्याकाळच्या गाडीने परत. कुलदीपने एकदा विचारलं, "बाबा, तिथं जाऊन तुमी करता काय?" भगवंतराव म्हणाले, "काई नाई." ते खरंच होतं.

आता नत्थुजींना पुण्याला मुलाकडे जायचं होतं. परतवाड्याचा एक माणूस घर बघून गेला होता. तो घर पाडून तिथे मोठी बिल्डिंग उभी करणार होता. म्हणजे ती खोली, तो जिना, ती मोरी, जिथे कौशल्या भिंतीला हात टेकून उभी राहायची, ते सगळं जाणार. भगवंतरावांना तेवढंच ऐकू आलं होतं. बाकी काय बोलणं झालं ते त्यांना नंतर आठवेना.

भाव ठरला. नत्थुजी म्हणाले, पितृपक्ष लागायच्या आत इसार द्या, मग कोणी सौदा करत नाही. गणपती नुकतेच बसले होते. दिवस थोडेच उरले होते.

आपण घाई करतो आहोत असं भगवंतरावांना वाटलं नाही. त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. घर त्यांच्या पाहण्यातलं होतं. कुठला नळ आधी येतो, जिन्याची कोणती पायरी उंच आहे, दुपारी ऊन कोणत्या खिडकीतून आत येतं, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. घरपट्टीची पावती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यावर नत्थुजींचं नाव होतं. लाइटचं बिलही त्यांच्याच नावाचं. आणि मुख्य म्हणजे घर बापूसाहेबांना दाखवून झालं होतं.

बापूसाहेब म्हणजे घरचे वकील. त्यांच्या वडिलांनी भगवंतरावांच्या वडिलांची शेतीची कामं पाहिली, बापूसाहेबांनी भगवंतरावांची पाहिली. फीचा विषय दोन्हीकडून कधी निघाला नाही. हंगामात शेंदूरजन्याहून संत्र्याच्या पेट्या यायच्या आणि बापूसाहेबांच्या घरून दिवाळीला अनारसे जायचे. बापूसाहेब आता कोर्टात जात नव्हते. काम मुलगी मैथिली बघत होती.

तर हे बापूसाहेब मागच्या आठवड्यात घर बघायला आले होते. नत्थुजींनी चहा, शेव, केळी, सगळं मांडलं. बापूसाहेबांनी खोल्या पाहिल्या, गच्चीवर जाऊन वारा घेतला, "जागा मोक्याची आहे" म्हणाले, आणि नत्थुजी आपल्याच शाळेत मागच्या वर्गात होते हे कळल्यावर अर्धा तास शाळेबद्दल बोलत बसले. निघताना भगवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनींच्या आठवणीची वास्तू. समजू शकतो मी."

एवढं झाल्यावर आणखी काय पाहिजे?

म्हणून त्या दिवशी भगवंतराव बापूसाहेबांकडे गेले ते फक्त एक विचारायला. इसारपत्रावर साक्षीदार म्हणून सही कराल का?

"करतो की," बापूसाहेब म्हणाले. ते झोपाळ्यावर बसले होते. "कागद कुणी पाहिले तुमचे? कुणाकडे दिलं होतं काम?"

भगवंतराव बघत राहिले. "तुमच्याकडं."

"माझ्याकडे?"

"तुमी आले होते ना घर पाहाले."

"घर पाहायला आलो होतो. कागद कुठे दाखवलेत तुम्ही मला?"

"तुमी मागतले नाही."

"अहो, मला वाटलं तुम्ही कागद दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतले आणि मला नुसतं घर दाखवायला नेलंत. थोडं वाईटही वाटलं, खरं सांगू का. म्हटलं इतक्या वर्षांचं आपलं, आणि काम बाहेर दिलं. पण बोललो नाही. विचारून तुम्हाला अवघडल्यासारखं कशाला करायचं."

"आन् मले वाटलं, तुमी पाहिलं म्हणजे झालं. आता बापूसाहेबाले कागद पाहा म्हणून वेगळं सांगावं काय? तुमाले वाटलं असतं, ह्याचा आपल्यावर भरोसा नाही."

बाजूच्या खोलीत मैथिलीचं ऑफिस होतं. दार उघडंच होतं. ती चष्मा डोक्यावर चढवत बाहेर आली.

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून फक्त चहा प्यायलात," ती म्हणाली.

बापूसाहेब हसले. भगवंतरावांना हसू आलं नाही.

"काका, आत या," मैथिली म्हणाली. "बाबा, तुम्ही नको. तुम्ही असलात की ते तुमच्याकडे बघून बोलतील."

आत गेल्यावर तिने एक कोरा कागद पुढे ओढला आणि आधी फीचं सांगितलं. भगवंतराव अवघडले. म्हणाले, "बेटा, बापूसाहेबानं कधी घेतली नाही. मी यंदा पेट्या जास्त पाठवीन ना."

"संत्री बाबांना पाठवा. मला फी द्या. फी घेतली की मी तुमची वकील. मग तुम्हाला न आवडणारं बोलायची मला मुभा आहे. पेटी घेऊन ते बोलता येत नाही."

भगवंतरावांनी मान हलवली.

"घर कुणी बांधलं?"

"नत्थुजीच्या बापानं. रेल्वेत होते ते."

"ते कधी वारले? मृत्युपत्र केलं होतं?"

"कोन करते आपल्याकडं मृत्युपत्र."

"आई?"

"ती बी गेली."

"नत्थुजींना भावंडं किती?"

"भाऊ नाही. एकटाच." मग भगवंतराव म्हणाले, "बहीण आहे. गोदाबाई. मागच्या खोलीत राह्यते. आमच्या हिचं सगळं तिनंच केलं शेवटी. लय भली बाई."

मैथिलीचं पेन थांबलं. "तिला विचारलं का?"

"तिले काय इचारायचं?"

"घर विकायचं का, ते."

भगवंतरावांना प्रश्नच कळला नाही. घर नत्थुजीचं. घरपट्टीची पावती आपण पाहिली. ते त्यांनी सांगितलं.

"काका, घरपट्टीची पावती म्हणजे टॅक्स कोण भरतं एवढंच. मालक कोण, ते त्यावरून ठरत नाही. कागद मी नीट तपासते, आखीव पत्रिका, म्हणजे जागेचा सरकारी उतारा, काढते, पेपरात जाहीर नोटीस देते, मग पक्कं बोलू. पण तुम्ही सांगता तसं असेल, वडिलांनी घर स्वतः बांधलं, मृत्युपत्र नाही, मुलं दोनच, तर अर्धं घर गोदाबाईंचं आहे. नत्थुजी जास्तीत जास्त आपला अर्धा विकतील. मग त्या आणि तुम्ही एका घराचे दोन मालक. वाटणीचा दावा, तारखा. आणि त्यांना न विचारता त्यांची सही कुणी घेतली तर ते आणखीन वाईट."

"ती सही करीन. भावानं सांगतलं तं करीनच ती."

"तेच म्हणते मी. भावाने सांगितलं म्हणून करायची नाही. आमच्याकडे दर महिन्याला येतात अशा बहिणी. माहेर तुटेल म्हणून सही करतात, नंतर पोरं दावा टाकतात." मग म्हणाली, "आणि इंजिनिअरलाही दाखवू घर. काळ्या मातीवर आहे, पाया बघायला हवा."

"मी राहिलो ना बेटा तिथं."

"राहिलात. पाया कुठे पाहिलात?"

ते खरं होतं. भगवंतरावांनी आयुष्यभर काळी माती नांगरली होती. उन्हाळ्यात ती कशी भेगाळते आणि पाण्याने कशी फुगते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी त्या घराखाली तीच माती आहे हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग मी आता काय करू?"

"इसार देऊ नका. गोदाबाईंशी बोला. आणि त्यांना सांगा, दुसऱ्या वकिलाकडे जा. माझ्याकडे आणू नका, मी तुमची वकील आहे, त्यांची नाही. आचल गावंडेकडे जाऊ दे. कोर्टात तिचं-माझं नेहमी वाजतं, म्हणूनच तिचं नाव सांगते."

बाहेर पडल्यावर भगवंतरावांना ऑटोवाल्याला कुठे जायचं ते चटकन सांगता आलं नाही. सकाळी सगळं सरळ होतं. घर, खोली, इसार. आता घरात एक माणूस जास्त झालं होतं. ते आधीपासूनच होतं, रोज समोर होतं, तिच्या हातची भाकरी त्यांनी खाल्ली होती.

नत्थुजी ओसरीवर जुन्या भांड्यांच्या गोण्या बांधत होते. "या भगवंतभाऊ. आणला काय इसार?"

भगवंतरावांनी मैथिलीचं बोलणं त्यांना येईल तसं सांगितलं. नत्थुजींच्या हातातली सुतळी खाली पडली.

"गोदीचा काय संबंध? लगन केलं तिचं, सगळं देल्लं. नवरा मेला तं मीच घेऊन आलो वापस. आजवरी खाऊ घातलं. मी सांगीन तिथं सही करते ती."

"वकीलबाई म्हणते, तसं नाही चालत. पेपरात जाहीर नोटीस बी द्या लागते म्हणे, कोणाची हरकत आहे काय म्हणून."

"पेपरात? माह्या घराची? शेजारीपाजारी काय म्हणतीन, नत्थू दिवाळखोर झाला!" नत्थुजी उठून उभे राहिले. "भाऊ, तुमी घर घेऊन राहिले, का माह्या घरात भांडण लावून राहिले?"

"मले काही समजून नाही राहिलं, नत्थुजी."

"समजून नाही राहिलं तं सोडा. परतवाड्याचा माणूस काही इचारत नाही. बाईच्या दुखण्यापासून आमी तुमाले घरच्यावानी समजलो, म्हणून तुमाले आधी सांगतलं. परवापर्यंत पाहातो. मग त्याले फोन."

त्यांनी गोण्या बांधायला घेतल्या. सुतळीला गाठ काही बसत नव्हती.

भगवंतराव घराला वळसा घालून मागे गेले. गोदाबाई दारात सुपात तूर पाखडत होती. त्यांना बघून तिने पदर सारखा केला आणि सूप बाजूला ठेवलं.

"या भाऊ. चहा मांडतो."

"नको. बसा तुमी." ते पाटावर बसले. कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून एकदम म्हणाले, "या घरात अर्धा हिस्सा तुमचा आहे म्हणते वकील."

गोदाबाई हसली. "मले हिस्सा घेऊन काय करा लागते."

"नत्थुजीनं तुमाले काही सांगतलं?"

"सांगतलं ना. म्हणे एका कागदावर सही लागीन. म्या इचारलं कायचा कागद, तं म्हणे घराचा."

"मग घर इकल्यावर तुमी कुठं जासान?"

ती सुपातला एक खडा वेचत राहिली. "तुमाले काय सांगतलं भावानं?"

"पुण्याले, त्याईच्यासंगं."

"असं काय," गोदाबाई म्हणाली. "मले नाही सांगतलं. मले वाटे, नव्या मालकाले इचारतीन, बुढी राहू द्याची का."

नवा मालक समोर बसला होता. भगवंतरावांनी घर घ्यायचं ठरवलं तेव्हा ही बाई कुठे जाईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं; पुण्याचं नत्थुजींनी नंतर जाताजाता सांगितलं होतं. राहील मागे, राहते तशी, असंच काहीतरी गृहीत धरलं होतं. का इतकंही धरलं नव्हतं? त्यांना आठवेना.

"गोदाबाई, सरळ सांगतो. तुमी सही केली तं मले घर भेटते. नाही केली तं नाही भेटत. पण तुमी आधी दुसऱ्या वकिलाले इचारा. माह्या नाही, तुमच्या."

"मग तुमी मले सांगून काहून राहिले? तुमचाच तोटा आहे."

"मालूम नाही," भगवंतराव म्हणाले. मग त्यांनी मनातलं सांगितलं, "हिले आवडे हे घर. म्हणून मले पाह्यजे होतं. ते लोक पाडून टाकतीन."

गोदाबाईने सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "वहिनीले घर आवडे का नाही, ते मले नाही सांगता येत भाऊ. दुपारी तुमी औषध आणाले गेले, का मले म्हणत, गच्चीवर घेऊन चाल. मी धरून नेत जाओ. तिथं खाटेवर बसत. इचारत, वरुडाकडची सडक दिसते काय वं इथून. मी म्हणो, हाव, दिसते."

"दिसते काय?"

"कुठून दिसते. पाण्याची टाकी दिसते."

"मले तं कधी इचारलं नाही तिनं."

"तुमी पळूनच राहिले होते ना. दवाखाना, मेडिकल, रिपोर्ट. तुमाले कवा इचारीन?"

भगवंतराव मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मोरीत भिंतीला हात टेकून उभी असलेली कौशल्या त्यांच्या डोळ्यासमोर होती. गच्चीवर बसलेली कौशल्या त्यांनी पाहिलीच नव्हती. ते ज्या खोलीसाठी इतकं करत होते, त्या खोलीतून ती रोज वर जायची, वेगळ्या बाजूला बघायला. का असंही नसेल? माणूस आजारात काहीही विचारतं. तिला घरी जायचं असतं तर ती बोलली असती. का नसती बोलली? विचारायला आता कोणी नव्हतं, आणि गोदाबाईला जेवढं माहीत होतं तेवढं तिने सांगून टाकलं होतं.

"मले तो वकील कुठं भेटीन?" गोदाबाईने विचारलं. "मी एकटी कधी गेलो नाही कोर्टाकडं."

"चाला. मी नेतो."

दुसऱ्या दिवशी दोघं ऑटोने आचल गावंडेच्या ऑफिसात गेले. पोरसवदा बाई होती, मैथिलीहूनही लहान. तिने भगवंतरावांना विचारलं, "आपण यांचे कोण?"

"भाडेकरू," ते म्हणाले. मग म्हणाले, "घर घेणारा."

"मग तुम्ही बाहेर बसा," आचल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाहेर लाकडी बाक होतं. भगवंतराव बसले. आतून मधूनच आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बहुतेक वेळ आचलही बोलत नव्हती, गोदाबाईही नव्हती. इतकं गप्प बसायला कोणी वकिलाकडे येतं का, असं त्यांना वाटलं. मग फोन वाजला. कुलदीप होता.

"बाबा, इसार देल्ला काय?"

"नाही."

"कुठं आहे तुमी?"

"वकिलाकडं."

"मैथिलीताईकडं?"

"नाही. दुसरीकडं. गोदाबाईच्या वकिलाकडं."

"तिच्या वकिलाकडं तुमी काहून?"

"तेच मले समजून नाही राहिलं."

"बाबा, मी येऊ काय?"

"नको. फवारणी कर तू."

दार उघडलं. गोदाबाई बाहेर आली. तिने आधी चपला घातल्या, मग पदर नीट केला.

"भाऊ, मी सही नाही करत."

भगवंतराव बाकावरून उठले. हे होऊ शकतं हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच तिला आणलं होतं, तरी ते ऐकायची तयारी नव्हती.

"वकीलबाईनं शिकवलं?"

"काही नाही शिकवलं. तिनं इतकंच इचारलं, गोदाबाई, तुमाले काय पाह्यजे? मले सांगताच येईना. असं कोनं इचारलंच नव्हतं. ती बिचारी बसून राहिली, घाई नाही केली. मग म्या सांगतलं, मले मागची खोली पाह्यजे. जित्ती आहे तवरी. ती म्हणे, मग सही करू नका, भावाले मी चिठ्ठी पाठवतो, बसून बोलू."

"नत्थुजी चिडतीन."

"चिडीन. भाऊ आहे, जेवाले तं माह्याच हातचं लागते त्याले." असं म्हणून तिने पदर पुन्हा सारखा केला. "तुमचं नुकसान झालं."

"नाही. इसार देल्लाच नव्हता ना."

ते दोघं रस्त्यावर आले. ऊन चांगलंच चढलं होतं. गोदाबाई म्हणाली, "आता परतवाड्यावाला बी घेणार नाही. त्याचा बी वकील असंनच. घर पडत नाही आता. तुमी वरची खोली ठेवा ना भाऊ. जशी आहे तशी. इकत कायले पाह्यजे?"

हेच तर भगवंतरावांना हवं होतं. घर पडणार नाही, खोली राहील, कुलूप त्यांचं राहील. पितृपक्षाआधीची घाईही राहिली नाही. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं.

"रविवारी खोली रिकामी करतो," ते म्हणाले.

गोदाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. हे आपण का म्हणालो, ते भगवंतरावांना सांगता आलं नसतं. पण म्हटलेलं परत घ्यावं असंही वाटत नव्हतं.

"कुलदीपले गाडी घेऊन बलावतो. सामान काही जास्त नाही."

"आन् गच्चीवरची खाट?"

"खाट बी नेतो." मग त्यांना घर आठवलं. मोठ्या घरात खाटेला जागा कुठे होती? सगळ्या खोल्या भरलेल्या. अंगणात पोरांच्या सायकली. "कुठं टाकायची, ते पाहातो तिथं गेल्यावर."

ऑटो थांबला. "साईनगर का स्टँड?" ऑटोवाल्याने विचारलं.

"साईनगर," गोदाबाई म्हणाली, आणि आत सरकून बसली.

भगवंतराव एक पाय आत ठेवून उभे राहिले. मागे दुसरा ऑटो हॉर्न वाजवत होता.

"आधी स्टँड," ते म्हणाले. "वरुडाची गाडी पाहातो. मग बाईले साईनगरले सोड."